विलायती धुराडं

आमच्या अकोल्याच्या घराला पुढून चार खांब आहेत. उंच, गोल, चुन्यानं गुळगुळीत केलेले. रस्त्यानं जाणारा नवा माणूस थांबतो आणि आत कोणी मोठा अंमलदार राहत असेल असं समजतो. खांबांच्या मागं मात्र मातीच्या भिंतींचं, धाब्याचं साधं घर आहे, आणि दार उघडलं की पहिल्यांदा चूल लागते. पाहुणे गोंधळतात. हे असं कसं झालं ते लिहून ठेवते, कारण आमचे हे असेपर्यंत ते निराळंच सांगत असत.

मी अमरावतीची. तिथं मुलींच्या शाळेत तीन इयत्ता झाल्या, लग्न झालं, आणि शिक्षण संपलं. यांचं मात्र लग्न होऊनही संपत नव्हतं. पुण्याला इमारती बांधायचं शिकवणारी सरकारी शाळा होती, तिथं हे शिकत. बापाला ते परवडत होतं. अमेरिकेत लोक एकमेकांना मारत होते, तिकडचा कापूस अडला होता, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस गोड लागायला लागला होता. आमच्याकडं बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली. शेजाऱ्यांनी मुलाच्या मुंजीत मोत्यांचे हार वाटले, तर मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मुलगाच विलायतेला धाडला. शाळेतला एक साहेब चार-दोन पोरांना घेऊन तिकडच्या इमारती दाखवायला निघाला होता. मामाजी बाजारात सांगत फिरले, "आमचा पोरगा घरं पाहाले विलायतेले जाऊन राहिला." लोक म्हणाले, "काहून, अठी घरं नाईत?"

मी इकडं चुलीपाशी होते. स्वयंपाकाची खोली अंधारी, धाब्याच्या मातीच्या छताला एक भोक, त्यावर पावसाळ्यात फुटकी परात झाकलेली. सरपण म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडं. ती पटकन पेटते, तडतड उडते आणि डोळ्यात मिरची टाकावी तसा धूर करते. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांचे डोळे त्या धुरानं गेले होते. माणूस आला एवढं कळायचं, कोण आला ते पावलांवरून ओळखायच्या. मी नवी आले त्याच आठवड्यात माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "डोये मोठे आहेत वं तुहे. मोठ्या डोयांत धूर जास्त जाते. माहेबी मोठेच होते." दोन वर्षांत माझ्या पापण्या सकाळी चिकटायला लागल्या. आत्याबाई डोळ्यांवर दुधात भिजवलेल्या फडक्याची घडी ठेवायला सांगत. तीच त्या स्वतः ठेवत आल्या होत्या, म्हणजे तिचा गुण किती ते समोर दिसतच होतं.

विलायतेहून पुण्याला परतल्यावर नाताळच्या सुटीत हे घरी आले. रेल्वे आमच्याकडं पोचायची होती, म्हणून शेवटचा रस्ता बैलगाडीनं. अंगात जाड लोकरी कोट, बगलेत नकाशांची गुंडाळी, आणि तोंडात पुण्याची भाषा. समुद्र ओलांडला म्हणून पंचांनी दंड घेतला, जेवण घेतलं आणि यांना जातीत परत घेतलं. आत्याबाईंनी घेतलं नाही. म्हणाल्या, "पंचायले जेवन भेटलं, त्यायचं पोट भरलं. माही चूल काई पंचायची नाई. हा उंबरा वलांडू नको, बाबू." म्हणून यांचं ताट ओसरीवर जायचं. साऱ्या जगातल्या इमारती पाहून आलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली एक खोली बंद होती, आणि मी राहत होते ती तीच.

ओसरीवर नकाशे उलगडले गेले. मामाजी, कापसाचे दोन दलाल आणि अमरावतीहून आणलेले मिस्तरी भोवती बसले. कागदावर चार खांब, कमानी, आणि बैठकीच्या भिंतीत एक देव्हाऱ्यासारखी खोबण, वर नक्षी.

"ह्याच्यात कोनता देव?" मामाजींनी विचारलं.

"देव नाही, बाबा. शेकोटी. विलायतेत प्रत्येक बैठकीत असते. भिंतीच्या आतून धुराडं वर जातं. धुराचा कण खोलीत राहत नाही."

मी दाराआड होते. धुराचा कण राहत नाही हे मी दोन्ही कानांनी ऐकलं.

मिस्तरींनी चिखलदऱ्याला साहेबाच्या बंगल्यात असलं काम केलं होतं. ते म्हणाले, "वहाँ तो ठंड रहती है, भैया. यहाँ जेठ में इसमें बरफ जलाओगे क्या?"

"ती घराची शोभा असते, मिस्तरी."

"शोभा है तो ठीक है," मिस्तरी म्हणाले आणि मजुरी वाढवून घेतली.

रात्री मी यांना विचारलं, "नकाशात चूल कुठं आहे?"

"चूल? ती असेल मागं कुठंतरी. अजून तो भाग काढलेला नाही."

"ते धुराडं चुलीवर नाही बसत?"

हे हसले. "स्वयंपाकघरात कोण पाहायला येतं?"

मी म्हटलं, "आत्याबाई तर आता पाहतही नाहीत." ते त्यांना कळलं नाही. त्यांनी नकाशा गुंडाळला, दिव्यापाशी नीट ठेवला आणि झोपले. मी डोळ्यांवर दुधाची घडी ठेवली.

काम पुढून सुरू झालं, कारण कागदावर पुढचंच होतं. खांब उभे राहिले, बैठकीतली शेकोटी झाली, धुराडं धाब्याच्या वर डोकं काढून उभं राहिलं. यांनी सुटी महिनाभर वाढवून घेतली होती, ती संपायच्या आत यांना ते पेटवून दाखवायचं होतं. पंच आले, दलाल आले. थंडी बेताचीच होती, तरी हे कोट घालून बसले.

त्या वर्षी मामाजी कापसाचा भाव आणखी चढायची वाट पाहत होते. घरातल्या कोठ्या भरल्या होत्या, म्हणून बैठकीतही भिंतीला लागून रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गाठोडी छतापर्यंत रचलेली. त्याच खोलीत यांनी पऱ्हाटीचा भारा पेटवला. धूर खरंच वर गेला, सगळ्यांनी माना वर करून पाहिलं. मग पऱ्हाटी तडकली. एक ठिणगी बाहेर उडाली, जमिनीवर पडलेल्या कापसाच्या पुंजक्यावर बसली आणि भुरकन गाठोड्यांकडं निघाली. मामाजींनी पाहुण्यांच्या हातपाय धुण्याचं घंगाळच उचलून ओतलं. निम्मं आगीवर, निम्मं पंचांवर आणि दलालांवर.

एक दलाल ओलं पागोटं काढून पिळत म्हणाला, "आमाले वाटलं, विलायतेत आंघोयच करत नाईत."

मामाजी मुलाला एवढंच म्हणाले, "ह्या खोलीत पुन्हा इस्तो दिसला तर तुले त्या धुराड्यातून बाहेर काढीन."

हे पुण्याला गेले. होळीच्या सुमाराला अमेरिकेतली लढाई मिटत आली आणि भाव असा कोसळला, की चांदीची टोपणं बैलांच्या शिंगांवरून उतरून सोनाराकडं गेली. बांधकाम होतं तिथंच थांबलं. पुढून राजवाडा, मागून आमचं घर. दलाल यायचे बंद झाले. बैठकीत कोणी बसेना. त्यात एक निरुद्योगी धुराडं, आणि भिंतीपलीकडं मी पऱ्हाटी फुंकत होते.

एका सकाळी मामाजी मिळेल त्या भावानं रुई विकायला गाड्या घेऊन अमरावतीला गेले. बैठक रिकामी झाली. मी आत्याबाईंना हाताला धरून तिथं नेलं आणि त्यांचा हात धुराड्याच्या तोंडात घातला. वरून वारा लागत होता.

"काय व्हय हे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या लेकानं विलायतेतून आणलं. धूर जाते ह्याच्यातून."

त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला. मग म्हणाल्या, "शेन आन. पुसून घे जागा." मी खोली झाडली, दोनदा सारवली, त्या खोबणीत मातीची चूल घातली. वाळल्यावर जुन्या चुलीतला विस्तव खापरात घेऊन आले. पहिल्या भाकरीला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. आत्याबाई शेजारी बसून नाकानं खोली हुंगत होत्या. "पेटली काय?" त्यांनी विचारलं. पेटल्याचं त्यांना खरं वाटेना.

मामाजी रिकाम्या गाड्या घेऊन आले. दारात थबकले. बैठक हा पुरुषाचा मान, त्यात सून भाकरी थापत बसलेली. पण तो मान ते अमरावतीच्या बाजारात विकून आले होते. हातपाय धुतले आणि पायरीवर बसून म्हणाले, "अठीच वाढ."

पुढच्या नाताळात हे घरी आले. गाडीतून दुरूनच त्यांना आपलं धुराडं धूर सोडताना दिसलं. वडिलांना अखेर शोभा कळली असं वाटून ते खांबांमधून तडक दाराशी आले, आणि उंबऱ्यावर पाय उचललेला तसाच राहिला. आत चूल. चुलीचा उंबरा ओलांडायचा नाही हा नियम कायम होता, आणि आता घरात शिरायची पुढची वाट तीच. मागून यायचं तर गोठ्यातून, शेणातून. विलायत पाहून आलेला माणूस स्वतः काढलेल्या चार खांबांखाली आत कसं यावं याचा विचार करत उभा होता. मला मजा वाटत होती.

आत्याबाईंनी पावलं ओळखली होती. त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी चुलीकडं तोंड फिरवलं आणि मोठ्यानं विचारलं, "कोन आलं वं दारात? मले काई दिसत नाई."

मी म्हटलं, "पाहुणे आहेत. लांबून आले."

"मंग बसव आत. पाहुन्याले कोनी दारात ठेवते काय?"

हे आत आले, कोट काढून चुलीपुढं बसले. भाकरी खाताना दोन-तीनदा वर पाहिलं. मग म्हणाले, "ओढ चांगली आहे धुराड्याची."

पुढं यांनी मुंबईत पुष्कळ घरं बांधली. चूल घराच्या पुढं काढायची कल्पना आपण विद्यार्थी असतानाच केली होती, असं ते लोकांना सांगत. मी कधी खोडून काढलं नाही. आत्याबाईंचे डोळे काही परत आले नाहीत. माझे शाबूत आहेत. हे सगळं मी चष्म्याशिवाय लिहिलं आहे, चुलीशेजारी बसून.