जितकं फिरवीन तितकं वाचतंय

सन दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं, आणि माझी जुनी जीप विकून जास्त अॅव्हरेजची नवी गाडी घ्यायचीच म्हणून पोरगा हटून बसला होता. माढ्याजवळच्या फाट्यावर मी एसटीची वाट बघत होतो. तसलीच एक नवी गाडी थांबली. आतला अनोळखी माणूस म्हणाला, "बसा की काका, सोलापूरला चाललोय."

भर उन्हात एसी बंद आणि काचाही बंद. उतार लागला की तो ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचा आणि दुभत्या म्हशीला थोपटावं तसं स्टेअरिंग थोपटायचा.

"काच तरी खाली घ्या," मी म्हणालो.

"वारं शिरलं की अॅव्हरेज पडतं, काका."

"सोलापुरात काय काम काढलंय?"

"काम न्हाय. च्या प्यायचा आन् माघारी. जुनी गाडी होती तवा महिन्यातनं एकदा यायचो. आता रोज येतो. जितकं फिरवीन तितकं वाचतंय. हप्ता त्यातनंच निघाया पायजे की."

माझं डोकं सणकलं. "घरी बसला असतास तर सगळंच वाचलं असतं," मी तोंडावर बोललो.

त्यानं राग धरला नाही. "तुमास्नी ह्यो हिशोब कळायचा न्हाय," म्हणाला आणि सोलापुरात पोचल्यावर चहाचे पैसेही त्यानंच दिले. एवढ्या भल्या माणसाला गाडीनंच कामाला लावलं होतं, याचाच मला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप बघायला गिऱ्हाईक यायचं होतं. त्याच्या आधीच मी जीपमध्ये काठोकाठ शेणखत भरलं, किल्ली कनवटीला लावली आणि चालत रानात गेलो.