तिसरं बटण

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. आधी म्हणायचो, प्रकरण ताजं आहे, जरा निवू दे. मग म्हणायला लागलो, आता जुनं झालं, उकरून काय मिळणार? गेल्या महिन्यात आमचं रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेची स्मरणिका घरी आली. छातीचे एक्स-रे वाचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाचे मार्गदर्शक म्हणून तिच्यात माझा अर्ध्या पानाचा फोटो आहे. संघमित्राचं नाव कुठेच नाही. मी स्मरणिका दोनदा शेवटपर्यंत चाळली. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. आता नाही लिहिलं तर हा फोटोच खरा ठरेल.

संघमित्रा पहिल्यांदा माझ्या खोलीत आली तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "सर, तुमचं शेवटचं कधी चुकलं होतं?"

चाळीस वर्षं छातीचे विकार तपासलेल्या माणसाला हा प्रश्न. मी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "आठवत नाही." तिने ते वहीत लिहून घेतलं. मी चिडून विचारलं, "आणि तुमचं?"

"माझं? आत्ताच की! शिरोळजवळ पेट्रोल संपलं. काटा बघितलाच न्हाय. पंपापर्यंत गाडी ढकलत आणली." आणि ती खळखळून हसली. हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारते हे मला नंतर कळलं. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाला, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या मालकाला, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनासुद्धा तिने तो विचारला होता. ज्याला आपली चूक चटकन आठवते, त्याच्यावर तिचा विश्वास लवकर बसायचा.

ती कुरुंदवाडची. वडील नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. बौद्ध कुटुंबातली, तिच्या घरातली पहिली इंजिनिअर. पुण्यात मोठ्या पगारावर असताना ती आमच्या कोल्हापूरच्या रुग्णालयात आली, ती एकाच कामासाठी. कबनूरच्या यंत्रमागांवर धूळ खात काम करणाऱ्यांमध्ये खोकला इतका नेहमीचा की क्षय आहे की नुसती धूळ, हे कोणी बघतच नाही. छातीचे डॉक्टर मोजके. म्हणून शिबिरात एक्स-रे काढायचा, तिथल्या तिथे यंत्राने तो वाचायचा आणि ज्याच्यावर संशय येईल त्याला लगेच आमच्याकडे पाठवायचं, अशी तिची योजना होती. निवड समितीत मी होतो. आलेल्या उमेदवारांत ती सगळ्यांच्या वर होती. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून इथेच नोंदवतो.

यंत्राला शिकवायचं म्हणजे काय, हे तिने मला फार सोपं करून सांगितलं. "सर, त्याला काही येत नाही. तुम्ही जुन्या फिल्म बघायच्या आणि सांगायचं, हिच्यात क्षय आहे, हिच्यात नाही. तुमचं बघून बघून ते शिकणार. तुम्ही शहाणे तर ते शहाणं." संगणकाच्या पडद्यावर तिने तीन बटणं केली होती. आहे. नाही. सांगता येत नाही.

"हे तिसरं कशाला?" मी विचारलं.

"तेच तर सगळ्यात मोलाचं हाय सर. मोठा डॉक्टर कुठं अडतोय ते यंत्राला कळायला नको? जिथं तुम्ही अडला, तिथं ते माणसाला हाक मारंल. न्हायतर आंधळ्यासारखं पुढं जाईल."

फिल्म वाचणारे आम्ही दोघं होतो. दुसरे डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचे. प्रत्येकाने सगळ्या फिल्म दोनदा वाचायच्या, मध्ये महिनाभर जाऊ द्यायचा, आणि दुसऱ्या वेळी क्रम बदललेला असणार. माणूस स्वतःशी किती जुळतो हे तिला बघायचं होतं. फिल्मच्या कोपऱ्यातला रुग्णाचा नंबर ती झाकणार होती. मी हट्ट धरला, "नंबराशिवाय मी फिल्म वाचत नाही. आयुष्यभराची शिस्त आहे." तिला ते पटलं नव्हतं. पण माझं वय बघून तिने नंबर उघडे ठेवले.

खरं कारण शिस्त नव्हतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. कोल्हापुरात माझी ओळख म्हणजे माझी नजर. 'डॉक्टरांनी लांबून फिल्म बघितली तरी पुरे' असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. दुसऱ्या वेळची उत्तरं पहिल्याशी जुळली नाहीत तर नजर गेली हे उघडं पडणार. म्हणून पहिल्या वेळी मी प्रत्येक नंबरापुढे माझं उत्तर एका डायरीत लिहून ठेवलं. महिन्याने डायरी मांडीवर घेऊन बसलो, नंबर बघितला, बटण दाबलं. फिल्म बघितलीच नाही. आणि तिसरं बटण तर दोन्ही वेळेला एकदाही दाबलं नाही.

निकाल आला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांची उत्तरं बऱ्याच ठिकाणी बदलली होती. तिसरं बटणही त्यांनी पुष्कळदा दाबलं होतं. माझं एकही उत्तर बदललं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणायचं अनुभव!" मग जिथे आमचं दोघांचं जुळत नाही तिथे माझं उत्तर धरायचं असं ठरलं. संघमित्रा एकटीच ते आकडे पुन्हा बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "सर, माणूस स्वतःशी एवढा जुळत न्हाय हो. मी सकाळी केलेला चहा अन् दुपारचा चहा सारखा लागत न्हाय."

"तुमचा चहा आणि माझी नजर एकच का?" मी म्हणालो. ती हसली. मीही हसलो.

यंत्र तयार झालं आणि शिबिरं सुरू झाली. कबनूरला मी तिला काम करताना बघितलं आहे. लूमच्या खडखडाटात ती ओरडून बोलायची आणि लोक तिला ओरडून उत्तरं द्यायचे. शिवाप्पा नावाचा एक विणकर होता, सीमेपलीकडून आलेला. तो तिला अक्का म्हणायचा. "अक्का, माझं मशीन दिसभर बोंबलतंय तरी त्याला काय कळत न्हाय. तुझं गप्पगार बसून कसं काय वळखतंय?"

"तुझ्या मशीनला मालक हाय, माझ्या मशीनला मास्तर हाईत," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ह्यांच्याकडनं शिकलंय ते!"

शिवाप्पाच्या कागदावर यंत्राने 'नाही' छापलं. त्याने सगळ्यांना भजी खायला घातली. खोकला गेला नाही तरी तो पुढे पाच महिने डॉक्टरकडे फिरकला नाही. कोणी म्हणालं तर खिशातला कागद दाखवायचा. आमच्याकडे आणला तेव्हा त्याची दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. नवव्या दिवशी तो गेला. त्याची बायको तोच घडी घातलेला कागद घेऊन संघमित्रापुढे उभी राहिली. "ह्यावर न्हाय लिवलंय नव्हं बाई? मग हे कशानं झालं?"

संघमित्राने तिचा हात धरला आणि तिच्याबरोबर जमिनीवर बसली.

मग ती चूक शोधायला लागली. आधी स्वतःची. दोन महिने तिने आपला सगळा प्रोग्राम ओळ न ओळ तपासला. तिला काही सापडलं नाही. मग एका दुपारी ती एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आली. तेव्हाही बसली नाही.

"सर, फिल्म मोठी करून बघितली की संगणकात नोंद होते. पहिल्या वेळी तुम्ही प्रत्येक फिल्म मोठी करून बघितली. दुसऱ्या वेळी एकही न्हाय." तिने कागद माझ्यापुढे धरला. "सर, दुसऱ्या वेळी बघितल्या हुत्या न्हवं?"

विचारताना तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिचा नेहमीचाच प्रश्न होता तो, शेवटचं कधी चुकलं होतं. एवढंच की या वेळी उत्तर दोघांनाही माहीत होतं आणि ते मी द्यावं म्हणून ती वाट बघत होती.

"ओळखीची माणसं मोठी करून बघावी लागत नाहीत," मी म्हणालो.

तिने कागदाची घडी घातली. "व्हय सर. असंल," म्हणाली आणि गेली.

आठवड्याने विश्वस्तांची बैठक झाली. चूक कुठे झाली असं अध्यक्षांनी विचारलं. संघमित्राने माझ्याकडे बघितलं. तो कागद तिच्या वहीत होता, त्याचं टोक बाहेर दिसत होतं. मी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसलो. पुसून झाला तरी पुसत होतो. शेवटी ती म्हणाली, "यंत्र मी शिकवलं. मला शंका आली हुती तेव्हाच मी थांबायला पाहिजे हुतं. जबाबदारी माझी." तिने कागद काढला नाही.

एक विश्वस्त शेजारच्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कोट्यातनं आलेल्यांच्या हातात एवढं मोठं काम दिलं की असंच व्हायचं." तिची गुणपत्रिका बघितलेला मी एकटाच माणूस त्या खोलीत होतो. मी चष्मा घातला आणि समोरचं पाणी प्यायलो.

तिला काढलं. प्रयोग बंद झाला. चूक अमुक ठिकाणी आहे असं ठरलंच नाही, म्हणून यंत्राने ज्यांना 'नाही' सांगितलं होतं त्यांना परत बोलवायचंही ठरलं नाही. बोलवा म्हणायला मला तोंड नव्हतं. ते काम तिने एकटीने अंगावर घेतलं. जयसिंगपूरला एका क्लासमध्ये ती शिकवायला लागली होती. सुटीच्या दिवशी यादी घेऊन स्कूटरवरून कबनूरला जायची, दारोदार फिरायची, पुन्हा एक्स-रे काढा म्हणून लोकांच्या विनवण्या करायची. लोक शिव्या द्यायचे. 'आता कुठलं मशीन घेऊन आलीस?' म्हणायचे. हे मला आमच्या तंत्रज्ञाने सांगितलं.

त्याच सुमारास माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी त्या जुन्या फिल्म घरी मागवल्या. नव्या नजरेने एकेक बघितली. गळ्याखालच्या आडव्या हाडामागे, क्षय जिथे हमखास लपतो तिथे, फिकट सावल्या होत्या. एकीत नाही, अनेकींत. सगळ्यांपुढे मी 'नाही' दाबलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी तिथेच तिसरं बटण दाबलं होतं. शिवाप्पाच्या शिबिरातल्या फिल्मवरची सावलीही नेमकी तिथलीच. यंत्र चुकलं नव्हतं. ते माझ्यासारखंच बघायला शिकलं होतं.

मी एका कागदावर तिच्यासाठी चार ओळी लिहिल्या. फोनवर तोंडातून शब्द फुटणार नाहीत म्हणून वाचून दाखवायच्या होत्या. नंबर लावला आणि पहिल्या रिंगला बंद केला. लगेच तिचा फोन आला.

"सर, मिस कॉल हुता तुमचा."

"चुकून लागला."

"बरं सर. डोळं कसं हाईत आता? ऑपरेशन झालं म्हणून ऐकलं."

"बरे आहेत."

"काळजी घ्या. धुरळ्यात जाऊ नका."

तिला माझ्या डोळ्यांचंही कळलं होतं. आणि तरी तिने एवढंच विचारलं. त्यानंतर ती सात महिने होती. सात महिने कागद माझ्या खिशात होता. शर्ट धुवायला टाकताना मी तो काढून दुसऱ्या शर्टात ठेवायचो.

उसाचा हंगाम होता. कबनूरहून परतताना तिन्हीसांजेला रस्त्यात पंक्चर होऊन उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तिची स्कूटर आदळली. यादी तिच्या पिशवीत होती.

मी तिच्या मातीला गेलो नाही. महिना उलटल्यावर एसटीने कुरुंदवाडला गेलो. तिच्या वडिलांनी मला ओळखलं नाही. "या पावणं, बसा की," म्हणाले. नाव सांगितल्यावर धडपडत उठले आणि खुर्ची स्वतःच्या पंच्याने पुसली. "लेक लई बोलायची तुमच्याबद्दल. सरांसारखं डॉक्टर जिल्ह्यात न्हाय म्हणायची." त्यांनी ती यादी माझ्या हातात ठेवली. बऱ्याच नावांपुढे बरोबरची खूण होती. शेवटच्या दोन पानांवर एकही खूण नव्हती. "तुमचं ऐकतील लोक," ते म्हणाले. पुढे मी त्या दोन पानांसाठी फिरलो. लूमची माणसं खोल्या बदलत राहतात. निम्मी सापडली. उरलेली कुठे खोकत असतील, मला माहीत नाही.

पण त्या दिवशी मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी दारात मला थांबवलं. इकडेतिकडे बघून, आपणच काही अपराध केल्यासारखं हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरसायब, तुम्ही जाणकार. रागावू नका. आमच्या पोरीचं नक्की काय चुकलं हुतं?"

कागद वरच्या खिशात होता. हात तिथपर्यंत गेला. आयुष्यात कधी नव्हे इतकं स्पष्ट उत्तर मला माहीत होतं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "व्हय. ती बी इचारलं की असंच म्हणायची."

स्टँडवर एसटी लागलेली होती. खिडकीशी बसून मी कागद उघडला. घड्या पडून पडून अक्षरं फाटायला आली होती, पण पाठच होती. 'संघमित्रा, दुसऱ्या वेळी मी फिल्म बघितल्याच नव्हत्या. पहिल्या वेळी मला नीट दिसत नव्हतं. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. मला माफ करा.'