समुद्राखाली कामाला येणारं स्पॅनिश, आणि आमचं वडगावचं

माझी थोरली बहीण मेक्सिकोत, कान्कूनला एका हॉटेलात नोकरी करते. "या की एकदा" असा तिचा धोशा होताच, पण जायचं ठरलं ते आप्पांमुळे. माझे वडील बेळगावजवळच्या वडगावचे विणकर. उभा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात गेला आणि त्यातच कान गेले. लहानपणी येळ्ळूरच्या विहिरीत पडलेल्या घागरी बुडी मारून काढणारा हा माणूस. समुद्राचा तळ बघायची त्यांना फार हौस. पण अलीकडे ऐकू येत नाही म्हणून ते लग्नात बोलेनात, पंगतीत बोलेनात, आणि मग घरातही बोलेनासे झाले. हे असंच राहिलं तर आप्पा आपल्यातच असून नसल्यासारखे होतील, अशी मला धास्ती वाटायला लागली. मी तिकिटं काढली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून पाण्यात उतरायला हरकत नाही म्हटलं. तुम्हीही हे आधी करून घ्या, आणि व्हिसाचं वेळेत बघा.

बेळगावहून मुंबई, पुढे विमानं बदलत कान्कून. आक्काकडे अंग टाकून झोप काढली, मग मी आणि आप्पा दोघंच बसने प्लाया देल कार्मेन आणि तिथून फेरीने कोझुमेल बेट. रस्ता गुळगुळीत, फेरी मात्र हलते. पोट भरून बसू नका. पेसो शहरात बदलून घ्या, विमानतळावर भाव कमी मिळतो. मांस नको असेल तर 'सिन कार्ने' म्हणा. मक्याच्या गरम तोर्तिया आणि घेवड्याची उसळ असं जेवण आप्पांना घरच्यासारखं लागलं. तिथली हबानेरो मिरची चाखून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ही आपल्या संकेश्वरीची थोरली भन हाय गं!" म्हणाले.

मी महिनाभर फोनवर स्पॅनिश घोकलं होतं. विसोर म्हणजे डोळ्यांवरचा मास्क, आलेतास म्हणजे पायात घालायचे पंख, तांके म्हणजे पाठीवरची हवेची टाकी. कोर्रियेन्ते म्हणजे प्रवाह. लांचावाल्याला, म्हणजे होडीवाल्याला, प्रवाह किती आहे ते नक्की विचारा. 'देस्पासियो' म्हणजे सावकाश. 'मे दुएले एल ओइदो', माझा कान दुखतोय, हे तर पाठच करा.

होडीत आप्पांनी कानातलं यंत्र काढून रुमालात गुंडाळलं. आमची प्रशिक्षक रोसा सूचना द्यायला लागली. आप्पा थोडा वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिले, मग पायातले पंख काढून त्यांनी बाजूला ठेवले.

"तू जा गं. मला काय ऐकू येत न्हाय. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको."

इतक्या लांब येऊन! रोसाला अडचण सांगितली तर ती मोठ्यांदा हसली. "आबाहो नादिये ओये."

खाली कुणालाच ऐकू येत नाही.

हे आप्पांना सांगायचं कसं? आमच्या वडगावात माग सुरू असले की ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून विणकरांची घरं हातांनी बोलतात. मला अक्षरांआधी ही हातांची बोली आली. मी हातांनीच सांगितलं: खाली, कान, कुणालाच नाही. आप्पांनी पंख उचलून पुन्हा पायांत चढवले.

उथळ पाण्यातल्या सरावात त्यांनी विहिरीतल्या जुन्या सवयीने श्वास रोखून धरला. टाकी लावून उतरताना यापेक्षा मोठी चूक नाही. "रेस्पिरा! रेस्पिरा!" रोसा ओरडत होती, श्वास घ्या म्हणून. मी मनगट गोल फिरवलं: माग चालू ठेवा. लगेच बुडबुडे एका लयीत वर यायला लागले.

खाली गेलो आणि काय सांगू! इतकं निळं मी कुठंच बघितलं नव्हतं. प्रवाळांचे डोंगर, त्यांतून थव्याने फिरणारे पिवळे मासे. तेवढ्यात माझा कान ठणकला. पाठ केलेलं वाक्य तोंडातल्या नळीमागेच राहिलं. आप्पांनी माझा चेहरा बघितला आणि तळहात खाली दाबत हलवला. मागाजवळ त्याचा अर्थ सावकाश. मी थांबले, नाक चिमटीत धरून फुंकलं, कान मोकळा झाला.

मग रोसाने एका तळहातावर दुसरा ठेवून दोन्ही अंगठे हलवले. तोर्तुगा! समोर एक भलंमोठं कासव निवांत चरत होतं. आप्पांचे हात त्यानंतर थांबेनात. हा मासा बघ, त्याचे पट्टे बघ, हा तर साडीचा काठ! वर्षभरात बोलले नसतील एवढं ते त्या पाण्यात बोलले. मला रडू आलं. मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

परत येऊन बरेच दिवस झाले. स्पॅनिश निम्मं विसरले. परवा शहापुरात चुलतभावाचा साखरपुडा होता. हॉल गच्च भरलेला, आणि आप्पा नेहमीसारखे कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प. मी समोरच्या रांगेतून तळहातावर तळहात ठेवला आणि अंगठे हलवले. आप्पा खळखळून हसले.

शेजारचे काका मला बघून त्यांच्या कानाशी ओरडले, "काय म्हणतीया रं पोरगी?"

"कासव," आप्पा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून घेत त्यांनी सांगायला सुरुवात केली.