अप्पांसमोरचं इंटिग्रेशन

माझ्या वडलांना, अप्पांना, लकव्याचा झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या आवडीचं बोलत राहा. वाचा येईल, न्हाई तर न्हाई." असं सांगतात का कुठं? माझं तर डोकंच फिरलं.

भोकरदनला घरी आणल्यावर आई त्यांना भरवता भरवता म्हणायची, "अहो, जल्मभर तुम्हाला गप बसा म्हणले, आता बोला की!" हसायची अन् हसता हसता डोळे पुसायची.

अप्पांनी बारावीच्या पोरांना गणित शिकवण्यात हयात घातली. मंग आवडीचं म्हणजे दुसरं काय? मी बँकेत नोकरीला, त्यांच्या लाडक्या इंटिग्रेशनला हात लावून जमाना झालेला. तरी रजा टाकली, जुनं पुस्तक काढलं अन् पांढरा फळा त्यांच्या कॉटसमोर टेकवला.

रोज सकाळी मी मोठ्यानं बोलत गणितं सोडवायची. "अप्पा, एक्सचा वर्ग. घात एकानं वाढवला, तीन झाला. त्या तिनानंच भागलं. एक्सचा घन भागिले तीन, अधिक सी. बराबर?" ते फळ्याकडं टक लावून बघायचे, पण ओठ हलायचा न्हाई. एकदा स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, "सगळंच पुसलं गेलं का गं त्यांचं?"

"भाजीत मीठ कमी पडलं की डोळे वटारतेत," आई म्हणाली. "हायेत आत."

त्या दिवशी पुस्तकात पुढचं गणित होतं, एक भागिले एक्स. मी आपली सवयीनं सुरू. "म्हणजे एक्सचा घात उणे एक. एकानं वाढवला, शून्य झाला. आता शून्यानं भागू." अन् खरंच खाली शून्य लिहून मोकळी! शून्यानं भागत न्हाईत, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. ह्या एका गणिताला तो नियम चालतच न्हाई, तिथं लॉग येतो, हे साफ विसरले होते.

मागं कॉट करकरली. अप्पांचा चेहरा लालबुंद, हात फळ्याकडं, ओठ थरथरून राह्यले होते. दुसरा झटका आला, असंच वाटलं मला.

"अप्पा! काय होतंय?"

"ग... ग... गधडे!"

मी त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. आई पिठाच्या हातानंच धावत आली अन् दारात उभी राहून म्हणाली, "अहो, अजून एकदा द्या की तिला शिवी."

त्यांनी दिली.