जातींच्या कपाटातलं चित्र

"ए, ऊठ तिथून! पुस्तकं आणायला ठेवलंय तुला. मॅडमच्या शेजारी बसायला नाही."

साहेबांचा आवाज. सगळ्या वाचकांच्या माना वळल्या. मी उठलो. नुसता उठलो नाही, हात जोडले. "चुकलं, साहेब," म्हणालो. आणि हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

दिल्लीतल्या एका कलासंस्थेच्या लायब्ररीत मी शिपाई. सातवीत शाळा सुटलेली. घर तिकडे कोकणात. साहेब तिथले ग्रंथपाल. लक्ष्मीबाई नगरात राहायचे, आपल्याकडचेच. नोकरी त्यांनीच लावलेली. त्यांच्यापुढे माझी मान वर व्हायचीच नाही.

मयूर विहारहून एक मराठी मॅडम यायच्या. चित्रकथीच्या एका चित्रावर लिहीत होत्या. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत, गात सांगायची गोष्ट. त्यांचं चित्र रामायणातलं. संग्रहालयात काचेआड होतं. खाली लिहिलेलं : कलाकार अज्ञात. आठवडाभर त्यांनी कलेची कपाटं पालथी घातली. काही मिळेना. मिळणार कसं? चित्रकथी करणारी आमची ठाकर जमात, आमच्यावरचं पुस्तक कलेत नव्हतंच. ते जाती-जमातींच्या कपाटात, साप पकडणारे आणि भीक मागणारे यांच्या मधे. धूळ मीच पुसायचो.

आणून दिलं. शेवटची संदर्भांची यादी दाखवली. तिच्यावरून एका जुन्या प्रदर्शनाचं माहितीपत्रक शोधलं. त्यात तेच चित्र. दाखवता दाखवता खुर्चीवर टेकलो. एवढाच माझा गुन्हा.

मग उभ्यानंच म्हणालो, "मॅडम, हे माझ्या आजानं काढलंय. डोळ्याखाली तीन ठिपके तोच द्यायचा. ह्याच्या मागं सीता असेल, बघा. आमच्यात दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात."

त्यांनी पत्रकातला चित्राखालचा मजकूर वाचला. 'मागील बाजूस अशोकवनातील सीता.' भराभर उतरवून घेतलं. "वा! आणि आजोबांचं नाव?"

"गुणाजी."

पेन थांबलं. "हे छापील कुठे आहे का रे? तोंडी नाव कसं देणार? सोर्स लागतो."

"अच्छा!" साहेब म्हणाले. "आता आमचा शिपाई पण सोर्स?"

मॅडम हसल्या. मीही हसलो. आजाच्या नावावर हसलो मी. वर "थँक्यू मॅडम" म्हणालो. पाणी आणून दिलं.

काही महिन्यांनी लेख छापून आला. ठिपके होते. पाठीला पाठ होती. मी सांगितलेलं सगळं होतं. कलाकार अज्ञात होता. मी दोनदा वाचला. साहेब म्हणाले, "झालं वाचून? जा, अंक कपाटात लाव."

"नाही लावणार."

माझाच आवाज मला ओळखू येईना.

"काय म्हणालास? नोकरी कुणी दिली तुला?"

"तुम्ही दिलीत, साहेब. उपकार आहेत. पण आजाचं नाव पुसायचा हक्क त्यात येत नाही."

तेव्हापासून रोज आत शिरताना वाटतं, आज काढतील, उद्या काढतील. पण लिहितोय. गुणाजी कुठल्या देवळात कुठली कथा लावायचा, लाल रंग कशाचा करायचा, कुणाकडून शिकला. अक्षर सातवीतलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चुकू दे. लिहून झालं की वही साहेबांच्या टेबलावर ठेवणार. नोंद करा म्हणणार. फेकली तर दुसरी लिहीन. त्यांच्या रजिस्टरात गुणाजी हे नाव चढेपर्यंत लिहीन.