एक जानेवारीच्या बायका

ग्रुपमधल्या पोरींनो, जेवणं झाली का? आज मी फार खुशीत आहे म्हणून लिहितेय. शाळा दुसरीपर्यंतच, चुकलं तर सांभाळून घ्या.

काल टीव्हीवर एक पुढारी म्हणाले, एकेक घुसखोर शोधून सीमेपार धाडू. बरोबरच आहे, माझी ना नाही. आज दुपारी आमच्या पांडेसऱ्याच्या, या कापड गिरण्यांच्या वस्तीतल्या चाळीत पोलीस कागद तपासायला आले. मी मिरच्या निवडत होते. यंदाची मिरची नुसती लाल, तिखटपणा नाही. असो.

शेजारची शेफाली बंगालची. चार वर्षं झाली, घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. पोलिसांच्या साहेबांनी तिचं आधार बघितलं.

"जन्म एक जानेवारी? हे बनावट वाटतंय. चल चौकीवर."

पोरगी पांढरीफटक पडली.

मी माझं कार्ड पुढे केलं. एक जानेवारी. मग जाऊबाईचं आणलं, समोरच्या विमलचं आणलं. सगळ्या एक जानेवारीच्या.

"मासी, अख्खी चाळ एकाच दिवशी जन्मली का?"

"तारीख कोणाला माहीत होती बाबा? कार्ड काढणाऱ्यानं टाकली. तुमच्या आईची कोणती आहे?"

साहेब हसले. "एक जानेवारी."

चौकी टळली. गावाहून शाळेचा दाखला मागवायला शेफालीला आठ दिवस मिळालेत.

माझी आई सांगायची, तू बाजरी कापताना झालीस. आता हे कोणत्या कार्डावर लिहायचं? तुमच्या आईनं तुम्हाला काय सांगितलंय?