लांजेवारांची पुढची चाल

वकील उमाठे फोनवर चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. वकील घाबरला की मी नीट ऐकतो.

"साहेब, लांजेवार वारले हे तुम्हाला माहीत आहे का?" ते म्हणाले. "महिना होऊन गेला, मला काल कळलं. आणि आज सकाळी त्यांनी मला शह दिलाय."

मी भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या कॉम्प्युटर सेक्शनमधून रिटायर झालो आणि आता करस्पॉन्डन्स बुद्धिबळाच्या स्पर्धांचा डायरेक्टर आहे. यात खेळाडू समोरासमोर बसत नाहीत. चाल वेबसाइटवर टाकायची, समोरच्याने सवडीने उत्तर द्यायचं. एक डाव वर्षभरही चालतो. आमच्या स्पर्धेत बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामची मदत घ्यायला बंदी आहे. उमाठे नागपूरचे. लांजेवार इथलेच, भिलाईत कोहक्याला राहणारे, रोलिंग मिलमधले. त्यांच्या जाण्याची खबर मलाही कोणी दिली नव्हती.

उमाठ्यांची मागणी सरळ होती. त्या घरात कोणीतरी प्रोग्राम लावून खेळतंय, लांजेवारांना बाद करा. बाद करणं म्हणजे हा एक डाव घालवणं नव्हे. चीटिंगचा शिक्का बसतो आणि माणसाचे आजवरचे सगळे निकाल पुसले जातात. गेलेला माणूस बाजू मांडायलाही येत नाही.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. कॉम्प्युटर सेक्शनमध्ये जे बिघडतं ते कोणीतरी बिघडवलेलं असतं. मी डाव माझ्या जुन्या प्रोग्रामवर लावला. प्रोग्राम हुशार नसतो, चिकट असतो. मी ही चाल केली तर तो ती करेल, मग मी ही, अशा फांद्या काढत जातो आणि शेवटी एक आकडा सांगतो. शून्य म्हणजे बरोबरी. इथे तो शून्यावरच बसून राहिला. लांजेवारांच्या वारल्यानंतरच्या चाली त्याला निरर्थक वाटत होत्या. त्याने एकही सुचवली नाही.

म्हणजे यंत्र नव्हतं. मग कोण? मला हे अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोहक्याला गेलो. उमाठ्यांना सांगून ठेवलं होतं की मी तिथे पोचलो की फोन करीन, मग चाल टाका. लांजेवार वहिनी घरात एकट्याच होत्या. मुलगा पुण्याला. कॉम्प्युटरवर चादर टाकलेली, वायर काढलेली. टेबलावर लांजेवारांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता.

खबर का दिली नाही, असं विचारलं. वहिनी काही लपवणाऱ्या बाई नव्हत्या.

"सांगतलं असतं तं तुमी बंद केलं असतं, भाऊजी. मले बुद्धिबळातलं काही समजत नाही. पण याईचा मोबाईल वाजते. त्या वकिलाची चाल आली का एकदा वाजते, मंग लगेच पुन्हा वाजते. ते दुसरी वाजते नं, ते याईची."

मी उमाठ्यांना फोन केला. थोड्या वेळाने मोबाईल वाजला. वहिनी माझ्यासमोर खुर्चीत, हात मांडीवर. कोणी काही केलं नाही. मोबाईल पुन्हा वाजला. स्क्रीनवर लांजेवारांचा उंट एक घर मागे सरकला होता.

खरं सांगतो, मी घाबरलो. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. वहिनींनी मात्र मोबाईलची वायर नीट केली आणि चहा टाकायला उठल्या.

वेबसाइटवर एक सोय आहे. समोरच्याने अमुक चाल केली तर माझं हे उत्तर, असं आधीच भरून ठेवता येतं. ते डायरेक्टरलाही दिसत नाही. आम्हा सगळ्यांना ती ठाऊक असते, पण लोक दोन-तीन चालींपलीकडे जात नाहीत, कारण समोरच्याच्या फांद्या फार होतात. इतके दिवस पुरेल एवढं कोण भरणार? तरीही मी तिथूनच वेबसाइटच्या ऑफिसला विचारलं. उत्तर आलं: होय, सगळं लांजेवारांनी स्वतः भरलेलं, एकाच दिवशी.

"दवाखान्यात अ‍ॅडमिट व्हाच्या आदल्या दिवशी," वहिनी म्हणाल्या. "जेवाले उठत नव्हते. कावून एवढं करून राहिले, मनलं, तं म्हणे, वकील खोळंबते."

घरी येऊन मी प्रोग्रामचा एक शॉर्टकट बंद केला. वेळ वाचवायला प्रोग्राम असं धरतो की खेळाडूने आपली पाळी सोडून दिली तरीही तो सुस्थितीत असेल, तर ती फांदी फार खोल बघायला नको. बहुतेक वेळा हे चालतं. पण शेवटी मोहरे कमी उरले की कधीकधी पाळी येणं हेच संकट असतं. गप्प बसला असता तर वाचला असता, पण गप्प बसता येत नाही. तिथे हा शॉर्टकट आंधळा होतो. नुसती प्यादी उरली तर माझा प्रोग्राम तो आपोआप बंद करतो, इथे दोघांकडे एकेक उंट होता म्हणून चालू राहिला.

बंद केल्यावर प्रोग्राम बराच वेळ रेंगाळला आणि आकडा शून्यावरून उडाला. लांजेवार जिंकत होते. प्रोग्रामला जवळचा रस्ताही सापडला. लांजेवार लांबून गेले होते. लांबून, पण अशा वाटेने की उमाठ्यांना कुठेही एक-दोनच चाली उरतील. त्या सगळ्यांची उत्तरं एका माणसाला एका दिवसात भरता येतील. दवाखान्यातल्या पलंगाकडे जाण्याआधी कोहक्यातल्या त्या खोलीत हा माणूस किती शांत डोक्याने बसला असेल.

नियम स्पष्ट आहे. खेळाडू वारला की डाव थांबवून डायरेक्टरने निकाल द्यायचा. जिवंतपणी भरलेली चाल त्याचीच. मी लांजेवारांना विजय दिला आणि डाव बंद केला. उमाठ्यांनी तक्रार मागे घेतली, वर माफीही मागितली.

मोठ्या उत्साहाने वहिनींना फोन केला. नाव शाबूत राहिलं, ते जिंकले, असं सांगितलं. 

"आता वाजणार नाही का, भाऊजी?"

"नाही वहिनी. डाव संपला."

"त्याईच्या अजून किती चाली होत्या?"

ऑफिसने पाठवलेली यादी मी पाहिली होती. होत्या अजून. तसं सांगितलं.

"मंग वाजू द्याच्या होत्या," त्या म्हणाल्या. "जिंकाची काही घाई नव्हती."

निकाल द्यायला नियमात डायरेक्टरला मुदत असते, तोवर भरून ठेवलेल्या चाली पडत राहतात. हल्ली मी ती पूर्ण वापरतो.